हिनोकीच्या पाण्यातला तांबडा डाग

जपानमधल्या कोचीच्या कागद-संशोधन केंद्रात मी शिओमी सेन्सेईंच्या, म्हणजे शिओमी बाईंच्या, हाताखाली काम करायचो. हिनोकी या जपानी झाडाच्या लाकडातले डोळ्यांना न दिसणारे तंतू आम्ही लोखंडाचे अतिसूक्ष्म कण चिकटवून पाण्यात कालवायचो. कुठलाही रंग न घालता थाळीतलं ते पाणी हिरवं चमकायचं. खालून लोहचुंबक सरकवला की तंतू वळायचे, उजेड वेगळा परतायचा आणि हिरव्याचं तांबडं व्हायचं.

त्या सकाळी सगळे चुंबक कपाटात बंद होते. सेन्सेई थाळीवर अगदी खाली वाकल्या आणि पाण्यात तांदळाएवढा तांबडा डाग उमटला.

"कुझे, चेष्टा पुरे. चुंबक काढ खालचा."

मी थाळी उचलून दाखवली. खाली नुसतं टेबल.

त्या मागे सरल्या, डाग विझला. वाकल्या, पुन्हा उमटला. त्यांनी घड्याळ, पेन, चष्मा, सगळं काढून ठेवलं. तरी डाग होताच. त्या डावीकडे सरकल्या की तोही सरकायचा, पाण्याखालून कुणी बघत असल्यासारखा.

"नवऱ्याला जन्मात दिसलं नाही ते या पाण्याला दिसलं वाटतं," त्या हसल्या.

पुढच्या आठवड्यात डाग लांबट झाला, एका टोकाला अणकुचीदार. आता त्या हसेनात.

"डॉक्टरांकडे जाऊ या, सेन्सेई."

"आणि सांगू काय? पाणी माझ्याकडे बघतं म्हणून?"

तरी मी त्यांना नेलंच. एक्स-रेमध्ये छातीच्या डाव्या बाजूला शिवणाची अर्धी तुटलेली सुई दिसली. टोक हृदयाकडे. लहानपणीच शिरली असावी, डॉक्टर म्हणाले. दिवसभर चुंबकांजवळ वावरून तीही चुंबक झाली असेल.

"आई किमोनो शिवायची," सेन्सेई हळूच म्हणाल्या. "कधी बोलली नाही."

शस्त्रक्रिया करून सुई काढली. बऱ्या होऊन परतल्या त्याच दिवशी त्या थाळीवर वाकल्या. पाणी हिरवंच राहिलं. मी सुटकेचा श्वास सोडला, पण त्या बराच वेळ तशाच वाकून होत्या. मग ताठ होऊन माझ्याकडे वळल्या.

"आता तू वाक."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"जेवणाची वेळ झाली, सेन्सेई," म्हणत मी बाहेर सटकलो.

ते केंद्र सोडेपर्यंत मी थाळी हात लांब करूनच उचलत राहिलो.