अठराचं दार

"उकळतं पाणी ओतलंत? अहो काका, उकळतं?"

गॅरेजची दारं बसवणारा डेल्मर गुडघ्यावर बसून दाराचा खालचा पट्टा बघत होता. पट्टा अर्धाच उरला होता. बाकीचा अर्धा रबरासकट जमिनीला चिकटून बसला होता, आणि त्याच्यावर काचेसारखा बर्फ चढला होता.

"गोठून चिकटलं होतं रे," इस्ब्रांड वीबे म्हणाला. "सुटावं म्हणून ओतलं."

"सुटलं का?"

"आधी सुटल्यासारखं वाटलं."

"आणि मग ते पाणीच गोठलं. आणि मग तुम्ही बटण दाबलंत."

"दाबलं."

"म्हणजे वरून मोटर ओढतेय, खालून बर्फ सोडत नाही, आणि मधे हे बिचारं म्हातारं लाकूड." डेल्मरने तुटलेली तार उचलून दाखवली. "नवीनच घ्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका. दर जानेवारीत गावातला कोणीतरी पाणी ओततोच. माझ्या पोरांचं दूध त्याच्यावरच चालतं."

आतल्या बाजूला, खुर्चीवर बसलेली नेटा म्हणाली, "हो."

नेटा म्हणजे इस्ब्रांडची बायको अगानेटा. मागच्या सुगीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर सगळे शब्द गेले. एकच राहिला, हो. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. डोळ्यांत पाणी असलं तरीही तोंडातून यायचं ते हो. ज्या बाईने चर्चच्या स्वयंपाकघरात उभं राहून अख्ख्या गावाला कामाला लावलं, तिला ह्याची फार लाज वाटायची. म्हणून तिने चर्चला जाणंच सोडलं होतं.

पण गॅरेजमध्ये ती रोज दुपारी बसायची. कॅनडातल्या आमच्या ह्या गावात उन्हाळ्यात सगळेच गॅरेजमध्ये बसतात. दार वर, खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून, हातात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया, पायाशी टरफलांचा सडा. घराचं पुढचं दार फक्त परगावच्या पाहुण्यांसाठी आणि पाळकांसाठी. हिवाळ्यात मात्र दारं खाली येतात आणि माणसं घरात गडप होतात. नेटाने हिवाळ्यातही गॅरेज सोडलं नाही. त्या जुन्या लाकडी दाराला काचांची एक ओळ होती, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येणारी. शेजारी हीटर लावून ती त्या काचांतून रस्ता बघायची. रस्त्यावरून जाणारा हात वर करायचा, ती डावा हात वर करायची. पलीकडच्या सुसाना लोवेनबाई तर बाजूच्या दाराने आतच यायच्या आणि तासभर एकट्याच दोघींचं बोलायच्या. नेटाला जगात तेवढीच एक जागा उरली होती.

इस्ब्रांडने आयुष्यभर शाळेची बस चालवली. म्हणजे खरं तर दार उघडण्याचंच काम केलं. शेताच्या वाटेवर पोर दिसलं नाही, तर तो बस थांबवायचा, दांडा ओढून दार उघडायचा आणि वाट बघत बसायचा. आत वारं शिरायचं, पोरं ओरडायची, "काका, दार लावा, मेलो!" तो म्हणायचा, "येतोय ना तो. दार बंद दिसलं तर परत घरी पळेल." रविवारी चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर बसून भजन सुरू करून द्यायचा. आमच्याकडे वाद्य नसतं. पहिली ओळ त्याने एकट्याने धरायची, मग सगळ्यांनी उचलायची. तो नेहमी पट्टी खाली लावायचा, आणि बायकांच्या बाजूने नेटा ती हळूच वर उचलून घ्यायची. सगळ्या गावाला हे माहीत होतं, त्यालाही. आता पट्टी खाली लागायची आणि खालीच राहायची.

डेल्मर दुसऱ्या दिवशी नमुने घेऊन आला. दाराचे हातभर तुकडे त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकावर एक गोळा ठेवून भाजलेल्या दोन मजली पावांच्या ताटाशेजारी मांडले.

"हा नुसता पत्रा. हा पत्र्याला मागून फोम चिकटवलेला, नऊचा. ह्यात फोम जास्त, बाराचा. आणि हा दोन पत्र्यांच्या मधे फोम ओतून फुगवलेला, अठराचा."

"अठरा काय?" इस्ब्रांडने विचारलं.

"थंडी अडवायची ताकद."

"अठरा किलो?"

"नाही हो काका. नुसतंच अठरा."

"नुसतंच अठरा कसं असेल? कशाचं तरी असेल ना."

डेल्मरने पाव तोंडात घातला आणि जरा विचार केला. "आकडा जेवढा मोठा तेवढी ऊब जास्त. मीसुद्धा ह्याच्या पुढे कधी गेलो नाही."

"आणि काचा?"

"हव्या तर सगळ्यात वरच्या पट्ट्यात बसतात. डोक्याच्या वर. उजेड येतो जरा. पण काच म्हणजे अठराच्या दाराला पाडलेलं भोक समजा."

इस्ब्रांडने नमुने ठेवून घेतले आणि अंगणातल्या बर्फात खोचून ठेवले. सकाळी उठून त्याने एकेकाला गाल लावून पाहिला. पत्र्याचाही गार चटका बसला, नऊचाही बसला, अठराचाही बसला. त्याने डेल्मरला फोन केला. "सगळे सारखेच गार आहेत रे. फसवतोस काय?"

"काका, अख्खा तुकडाच बाहेर ठेवलात तर दोन्हीकडून गारच होणार. त्याची एक बाजू घरात पाहिजे!"

"मग कळायचं कसं?"

"विश्वास ठेवा," डेल्मर म्हणाला. "रविवारी तुम्हीच गाता ना?"

संध्याकाळी विनिपेगहून हिल्डाचा, त्यांच्या मुलीचा फोन. "बाबा, अठराचंच घ्या. आणि काचा अजिबात नकोत. आईला तिथे बसायचा हट्ट आहे, तिला वारं लागलं तर?" चर्चमध्ये एकाने सांगितलं की आकड्याचं काही खरं नसतं, खालचं रबर बघ, थंडीत मऊ राहणारं पाहिजे. दुसऱ्याने सांगितलं की रबर-बिबर सोड, दाराच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग घे. तिसरा म्हणाला, चाकांना थंडीत न गोठणारं ग्रीस लाव, दार कुठलंही चालेल. इस्ब्रांड सगळ्यांना मान हलवून आला आणि घरी येईपर्यंत कोण काय म्हणालं हे विसरला. देवाने माणसाला डोकं एक दिलं आणि सल्ले इतके का दिले, हे त्याला कळेना.

शेवटी त्याने कॅटलॉग नेटाच्या मांडीवर ठेवला. "तूच सांग बाई. बसायचं तुला आहे."

नेटाने डाव्या हाताने पानं उलटली. एका चित्रावर थांबली. तपकिरी दार, मधोमध काचांची ओळ. तिने काचेवर बोट ठेवलं आणि टकटक केलं.

"हा रंग आवडला?"

"हो." बोट तिथेच. टकटक.

"पण तपकिरी अठरामध्ये येत नाही म्हणतो डेल्मर. पांढरं चालेल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोट उचललं. "हो," म्हणाली, आणि तो हो भजनाच्या शेवटच्या ओळीसारखा खाली उतरत गेला. ज्याचा जन्म सूर ऐकण्यात गेला, त्याने त्या दिवशी नेमका शब्द ऐकला.

"ठरलं तर," इस्ब्रांड म्हणाला. त्याला फार हलकं वाटलं.

दार बसवायच्या दिवशी थंडी अशी होती की नाकातले केस कडक व्हावेत. डेल्मरने जुनं दार पट्ट्यापट्ट्याने उतरवून अंगणात रचलं, आणि घराला रस्त्याएवढं भगदाड पडलं. नेटा आत जाईना. इस्ब्रांडने तिला जाड कोट चढवला, वर गोधडी टाकली. ती त्या भगदाडासमोर राणीसारखी बसली. एक गाडी थांबली. "इस्ब्रांड, काय झालं? दार पडलं?" दुसरी थांबली. लोवेनबाई तर चपलांवरच धावत आल्या. "जानेवारीत दार उघडं! मला वाटलं कोणी गेलं की काय!" नेटा हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसली.

"हसतेस काय गं," लोवेनबाई म्हणाल्या, "माझी बोटं गेली असती ना!" आणि नेटाच्या गोधडीत हात घालून उभ्या राहिल्या.

दुपारनंतर नवं दार बसलं. डेल्मरने कडेच्या पट्ट्या ठोकल्या, स्प्रिंग ताणली, बटण दाबलं. दार कुरकुर न करता खाली आलं, मऊ रबर जमिनीवर टेकलं, आणि रस्त्याचा आवाज बंद झाला.

"उंबऱ्याशी काही राहू देऊ नका," तो निघताना म्हणाला. "खडा, बर्फ, टरफल, काहीही. रबराखाली काही अडकलं की तुमचे अठरा वाया."

गॅरेज खरंच गरम झालं. इस्ब्रांड हात चोळत म्हणाला, "बघ, आता कोटसुद्धा नको." नेटा पांढऱ्या पत्र्यासमोर बसली. हात मांडीवर. दुसऱ्या दिवशीही बसली. लोवेनबाई बाजूच्या दाराने आल्या नाहीत, कारण जाता-जाता कोणी दिसलंच नाही तर थांबायचं कोणासाठी? तिसऱ्या दिवशी इस्ब्रांडने हीटर लावला आणि हाक मारली, तर ती स्वयंपाकघरातून उठलीच नाही.

"अगं, गरम आहे तिकडे."

"हो."

"मग येत का नाहीस?"

"हो."

त्याला काही उमगेना. त्याने हीटर वाढवला. मग कमी केला. खुर्चीवर उशी ठेवली. दाराच्या फटींवरून ओला हात फिरवला, वारं कुठूनच येत नव्हतं. एवढं चांगलं दार, आणि हिचं काय बिनसलं? सगळं करून दमला आणि तिच्याच खुर्चीत बसला.

समोर पांढरा पत्रा होता. त्यावर एक बोल्ट होता. बाहेर एक गाडी गेली असावी. कोणाची, कळलं नाही.

मग आत जाऊन त्याने डेल्मरला फोन लावला. "मधल्या पट्ट्यात काचा कापून बसवता येतील का रे?"

"कापलं तर आतला फोम उघडा पडेल, काका. पाणी शिरेल. नवीन पट्टाच मागवावा लागेल, तोही खास बनवून. ईस्टरला आला तर नशीब. आणि काचा नको म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," इस्ब्रांड म्हणाला.

त्याने नेटाला कोट चढवला. टोपी, लोकरी मोजे, गोधडी. ती बघत होती. तिला हाताला धरून त्याने गॅरेजमध्ये आणलं, खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढली, बियांचं भांडं मधे ठेवलं. भिंतीपाशी गेला आणि बटण दाबलं.

दार वर गेलं. जमिनीवरून पांढरी वाफ लोटत आत आली. मागे हीटर सगळ्या गल्लीला ऊब द्यायला लागला. इस्ब्रांड तिच्याशेजारी बसला. एक भजन गुणगुणू लागला, नेहमीसारखंच खालच्या पट्टीत. गोधडीच्या आतून कोणीतरी तो सूर हळूच वर उचलला. शब्द नव्हते. शब्दांची गरजही नव्हती. तो थांबला नाही, तिच्याकडे वळलाही नाही. घाबरून सूर उडून गेला तर?

लोवेनबाईंची गाडी आधी पुढे गेली, मग मागे आली. काच खाली झाली.

"आता काय झालं? दार अडकलं?"

"नाही."

"मोटर जळली?"

"नाही, चांगली आहे."

"मग उघडं का?"

इस्ब्रांडने डोकं खाजवलं. "बसा ना," म्हणाला. "बिया आहेत."

त्या पुटपुटत उतरल्या, "वेडी झालीत दोघं." नेटाने गोधडीचं एक टोक उचलून धरलं. पाठोपाठ एक ट्रक थांबला, "इस्ब्रांड, मदत हवी का?" आणि त्याच्यामागे, आणखी कुठलंसं दार दुरुस्त करून परतणारा डेल्मर. तो उतरलाच डोक्याला हात लावून.

"काका! अठराचं दार घेतलंत आणि त्याच्यासमोर... अहो, सगळी ऊब चाललीय बाहेर!"

"दार छान आहे रे," इस्ब्रांड म्हणाला. "उघडतं बघ किती हलकं."

"हो," नेटा म्हणाली. ह्या वेळी त्याने त्यातला सूर ऐकला, आणि परत काही विचारलं नाही. आणखी खुर्च्या आणायला आत गेला.

अंधार पडायच्या आधी सगळे गेले. इस्ब्रांडने केरसुणी घेतली आणि उंबऱ्यावरची टरफलं एकूण एक झाडून काढली, रबराखाली काही अडकू नये म्हणून. मग बटण दाबलं. दार खाली आलं आणि जमिनीवर नीट टेकलं. खुर्च्या मात्र त्याने दुमडून भिंतीला लावल्या नाहीत. पांढऱ्या पत्र्याकडे तोंड करून तशाच ओळीत राहू दिल्या.