न टाकलेला गळ

माझ्या अंगावरचे व्हार्निश जागोजागी तडकले आहे आणि मुठीचे बूच झिजून त्यावर बोटांचे ठसे उमटले आहेत. मित्रांनो, मी ट्राउट मासे धरायची एक जुनी बांबूची काठी आहे. मॉन्टानातल्या एका लहान गावात आर्विड हौगेन नावाच्या सुताराने मला घडवले. बाहेर कमरेएवढे बर्फ पडले होते आणि हा माणूस शेगडीजवळ बसून बांबूच्या चिरफळ्या रंध्याने तासत होता. त्या एकमेकींना चिकटवून, वर रेशमी दोरा गुंडाळून त्याने मला आकार दिला. मग एकदा हवेत झुलवून तो बायकोला म्हणाला, "बघ, कशी लवते! वाऱ्यावरच्या गवतासारखी." माझे ते पहिले कौतुक.

त्याच्याबरोबर मी कितीतरी उन्हाळे विलो नदीत काढले. दोऱ्याच्या टोकाला, गळ लपवलेली पिसांची खोटी माशी बांधायची, ती अलगद पाण्यावर उतरवायची, आणि खालून ट्राउट उसळला की माझे सारे अंग थरथरायचे. ते सुख काय सांगू! पुढे आर्विड थकला, एके दिवशी वारला, आणि मी गॅरेजच्या तुळयांवर जाऊन पडले. खालून गाडी यायची, जायची. उंदरांनी माझी कापडी पिशवी कुरतडली. कुणी मान वर करून पाहिले नाही. लवायचे कसे, हेच मी विसरून जाते की काय, असे मला वाटू लागले.

मला खाली काढले ते आर्विडच्या नातवाने, ऑरिनने. तो त्या घरात एकटाच राहत होता. बायकोशी फारकत झाली होती आणि मुलगी मारिट आईबरोबर दूर अ‍ॅरिझोनात होती. उन्हाळ्यात ती आठवडाभर बापाकडे येणार होती आणि त्याने तिला ट्राउट धरायला न्यायचे कबूल केले होते. दर रविवारी फोनवर बेत रंगायचा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी, ऑरिन मला तेलाच्या फडक्याने पुसतो आहे आणि फोनमधून मारिटचा आवाज येतो आहे.

"बाबा, सँडविच कसले नेणार?"

"पीनट बटरचे."

"ई! दर वेळी काय तेच? माझ्यात खारातली काकडी घाल."

"पीनट बटरमध्ये काकडी?"

"खाऊन तर बघ! आणि मासा मिळाला की सोडून द्यायचा हं. मी मारणार नाही."

"सोडू की. आधी मिळू तर दे, बाईसाहेब!"

फोन ठेवला की घर एकदम गप्प होई. मग ऑरिन मला हातात घेऊन नुसताच बसून राही.

त्या वर्षी मारिट आलीच नाही. पिकअपमध्ये तंबू, डबे, पांघरुणे भरून झाली होती. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. मारिट सायकलवरून पडली होती, हात मोडला होता, प्रवास जमणार नव्हता. "जप तिला," एवढेच ऑरिन म्हणाला. सामान त्याने उतरवले नाही. बंद गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून, तो ऊन कलेपर्यंत बसून राहिला. शेजारच्या सीटवर मी होते.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली. उंच झालेली, जरा बुजलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. उन्हाने कहर केला होता. डोंगरावरचे बर्फ केव्हाच वितळून गेले होते आणि नदी खडकांमधून जेमतेम वाहत होती. वरच्या थंड ओढ्यांकडे जाणारा रस्ता वणव्यामुळे बंद होता. उन्हामुळे मासे धरायला बंदी होती, पण ती दुपारनंतर. सकाळी कुणी अडवणार नव्हते. ऑरिनने माझे भाग जोडले, दोरा ओवला आणि मला मारिटच्या हाती दिले. तिची छोटी बोटे माझ्या मुठीवर बसली. मग त्याने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. वर काढून पाहिला. पुन्हा सोडला.

"आज नाही टाकायचा गळ," तो म्हणाला.

"का? बंदी तर दुपारी आहे ना?"

"पाणी फार तापलंय गं. अशा पाण्यात ट्राउटला धाप लागते. आपण ओढून परत सोडला, तरी तो जगायचा नाही."

"एकच, बाबा! केव्हापासून ठरवतोय आपण!"

"मलाही टाकायचाय," ऑरिन थर्मामीटरची दोरी गुंडाळत म्हणाला. "तुझ्याइतकाच."

मारिटने मला गवतात टाकले आणि पाठ फिरवून बसली. खोटे कशाला बोलू, मीही रुसले होते. एवढ्या जवळून नदीचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

थोड्या वेळाने ऑरिनने तिला हळूच हाक मारली. "इकडे ये. पाण्यावर सावली पाडू नकोस." काठाखालून एक झरा नदीला मिळत होता. थंड पाण्याच्या त्या एवढ्याशा पट्ट्यात ट्राउट अंगाला अंग लावून उभे होते, कल्ल्यांची भराभर उघडमीट करत. मारिट गवतात पालथी झाली.

"किती दमलेत, बाबा," ती कुजबुजली आणि तिने त्याचा शर्ट ओढला. तोही शेजारी पालथा झाला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघे तसेच पडून बोलत राहिले. शाळेबद्दल, मोडलेल्या हाताबद्दल, आणि तिकडे तिला या घराची आठवण येते त्याबद्दल.

निघायच्या दिवशी ऑरिन मला गॅरेजकडे नेऊ लागला, तशी मारिट आडवी आली. "तिथे नको. माझ्या खोलीत ठेव."

"तुझ्या खोलीत? तू गेल्यावर तिथे कोण असतं?"

"म्हणूनच. कुणीतरी असू दे ना तिथे."

मित्रांनो, आता मी त्या खोलीत खिडकीजवळ टांगलेली असते. मारिट पुन्हा कधी येईल, मला ठाऊक नाही. कामावरून आला की ऑरिन आत डोकावतो, माझ्यावरची धूळ पुसतो आणि क्षणभर तिच्या खाटेच्या कडेला टेकतो. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखे कुणी पडले असेल, तर काम असो वा नसो, त्याला खाली काढा, माणसांत ठेवा. आणि नदी तापली असेल त्या दिवशी, कितीही मन झाले तरी गळ टाकू नका. पाणी थंड होईपर्यंत थांबा. आम्हीही थांबलो आहोत.