नाव फुटू नये म्हणून

माझ्या भाचीचं नाव मला तिच्या बारशाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ते पोटात ठेवताना मला जेवढा त्रास झाला, तेवढा तिच्या आईला तिला पोटात ठेवताना झाला नसेल.

मी नॉर्थ यॉर्कमध्ये सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. स्वभावही तसाच झालाय असं माझा धाकटा भाऊ उन्मेष म्हणतो. तो हॅलिफॅक्सला असतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला आणि सलोनीला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. मला स्वतःला मूलबाळ नाही, आणि त्याचं दुःख करत बसायला मला वेळही नाही. पण बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, मग ते सगळ्यांसमोर मोठ्याने जाहीर करायचं आणि पाठीत बायकांचे धपाटे खायचे, हा मान फक्त आत्याचा. तो मला हवा होता. अगदी हावरटासारखा हवा होता.

सलोनीची अट मात्र कडक होती. ती एका बँकेत आहे. लोकांच्या नावावर भलत्यांनीच उघडलेली खाती शोधून काढायची, हे तिचं काम. "चित्राताई, पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव आणि आईचं माहेरचं आडनाव. एवढं एकत्र मिळालं ना, की कुणीही तिच्या नावाने जगू शकतो. आणि तिला ते कळणार अठराव्या वर्षी, पहिलं क्रेडिट कार्ड अप्लाय करताना. मी रोज बघते हे. आय अ‍ॅम सिरियस. नाव लीक झालं तर मी बारसं कॅन्सल करणार. आम्ही तिघंच घरात काय ते करू."

तिघंच, म्हणजे आत्या वजा. मी शपथ घेतल्यासारखं हो म्हटलं.

आता आमच्या खानदानाबद्दल सांगायला हवं. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात दीडशेच्या वर माणसं आहेत. त्यातली निम्मी कोण, हे मला अजून समजलेलं नाही. ग्रुपचे प्रमुख रविकांतकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नागपूरला असतात. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात आणि उरलेला दिवस फेसबुकवर काढतात. तिथे त्यांचे हजारो मित्र आहेत, कारण कुणीही हात पुढे केला की काका तो धरतात. आई-बाबा गेल्यापासून आम्हा दोघांना हक्काने रागावणारं तेवढं एकच माणूस उरलंय. माणूस लाख मोलाचा, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बारशाला आठवडा असताना काकांनी ग्रुपवर स्पर्धा जाहीर केली. बाळाचं नाव ओळखा. बक्षीस, एक किलो संत्रा बर्फी.

आणि ग्रुप पेटला. टोरोंटोत मी कामाला बसले की तिकडे संध्याकाळ झालेली असायची आणि माझा फोन टेबलावर सारखा थरथरायचा. ज्यांनी एरवी एकमेकांच्या आजारपणाची चौकशी केली नाही, ते रात्रंदिवस नावं पाठवायला लागले. लताआत्या, म्हणजे वडिलांची चुलत बहीण, तिने पहिल्याच दिवशी "ईशिता" लिहिलं. ती गेली वीस वर्षं प्रत्येक मुलीच्या बारशाला "ईशिता"च लिहिते. एक ना एक दिवस लागेल असा तिचा हिशेब आहे.

मलाही मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की लोक नुसती नावं फेकत नव्हते. ते जवळ येत होते.

उन्मेषने पत्रिकेसाठी काकांना जन्मवेळ मिनिटासकट कळवली होती. आपल्याकडे हे कुणाला चूक वाटतच नाही, पत्रिका तर हवीच. काकांनी त्यावरून नक्षत्र काढलं, नक्षत्रावरून नावाचं आद्याक्षर काढलं आणि ते ग्रुपवर टाकलं. मग उन्मेषनेच हौसेने बाळाच्या खोलीचा फोटो टाकला. बाळ त्यात नव्हतं, म्हणून त्याला वाटलं की नियम पाळला. पण भिंतीवर सलोनीने नावाच्या अर्थाचीच चित्रं लावली होती. त्यावर कळस केला सलोनीच्या आईने. त्यांनी सोनाराकडे नाव घालून घेतलेल्या चांदीच्या वाटीचा फोटो पाठवला आणि नावावर स्वतःचा अंगठा ठेवला. अंगठा लहान पडला. शेवटचं अक्षर बाहेर डोकावत होतं.

एकानेही नाव सांगितलं नव्हतं. तिघांनी मिळून जवळजवळ सांगितलं होतं.

मी उन्मेषला फोन करून असा झापला की तो बिचारा पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून राहिला. "ताई, मी काय नाव थोडंच टाकलं?" एवढंच म्हणत राहिला. फोटो काढून टाकायला सांगावं तर सगळ्यांना कळणार की फोटोत काहीतरी होतं. मग मी माझ्या धंद्यातलं डोकं चालवलं. खरं लपवता येत नसेल तर त्याच्याभोवती खोट्याची गर्दी करावी. मी ग्रुपवर लिहिलं, "हरलात सगळे. आद्याक्षर वगैरे काही पाळलेलं नाही. एका नदीचं नाव आहे. पश्चिमेकडे वाहणारी. बाबा आम्हाला लहानपणी तिथे घेऊन गेले होते."

काय सांगू, काय धमाल उडाली. नर्मदा, तापी, शरावती, वैतरणा. एका भाच्याने "मुठा" लिहिलं आणि त्याच्या आईने त्याला ग्रुपवरच दम दिला. दोन दिवस अख्खं खानदान नद्यांत डुंबत होतं आणि मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन हसून घेत होते.

काका मात्र गप्प होते. ते मला कळायला हवं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी मी टोरोंटोच्या विमानतळावर हॅलिफॅक्सच्या विमानाची वाट पाहत होते. पर्समध्ये पाळण्याला लावायचा गोंडा, अंगात नवी पैठणी नेसायची घाई. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"चित्रे, नदीबिदी काही नाही. लहानपणापासून पाहून राहिलो तुला. खोटं बोलताना तू जास्तीचं सांगतेस. खरं असतं तर बाबांना मध्ये आणलं नसतंस."

"काका, उद्या कळेलच की."

"मला आजच कळलं नं." आणि त्यांनी नाव सांगितलं.

बरोबर होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बरोबर. माझ्या हातातली कॉफी पैठणीच्या पिशवीवर सांडली.

"बोल नं. बरोबर की चूक?"

काय बोलणार? हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हटलं तर त्यांना माझं खोटं पकडता येत होतं. मी गप्प बसले.

"गप्प बसलीस, म्हणजे बरोबर," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. इतके खूश मी त्यांना बाबा गेल्यापासून पाहिले नव्हते. मग म्हणाले, "घाबरू नकोस. आत्याचा मान आत्याचा. तू उद्या मोठ्याने नाव घेतलंस की दुसऱ्या क्षणाला मी फेसबुकवर टाकतो. मजकूर तयार आहे. ऐक."

आणि त्यांनी वाचून दाखवलं. आमच्या घराण्यात कन्यारत्न. मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ, हॅलिफॅक्स, दवाखान्याचं नाव, उन्मेषचं नाव, सलोनीचं नाव माहेरच्या आडनावासकट. सलोनीला ज्या-ज्या गोष्टीची धास्ती होती ती प्रत्येक गोष्ट, ओळीने आणि प्रेमाने मांडलेली. खाली आशीर्वाद.

मी म्हटलं, "काका, हे टाकू नका. सलोनीला आवडणार नाही. अशा माहितीचा लोक गैरवापर करतात."

"अगं, पूर्वीचेही असंच म्हणायचे. नक्षत्रावरचं नाव फक्त कानात सांगायचे. चारचौघांत हाक मारायला दुसरंच. नाव आणि जन्मवेळ परक्याला कळली की करणी करतात म्हणे. मी विज्ञानाचा माणूस, अशा अंधश्रद्धा मानत नाही."

विमानाची घोषणा झाली. फोन ठेवून मी आत जाऊन बसले आणि दोन तास खिडकीबाहेर बघत राहिले. काकांचं ते शेवटचं बोलणं डोक्यात घोळत होतं. हॅलिफॅक्सवर धुकं होतं आणि विमान घिरट्या घालत होतं, तेव्हा अचानक मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

घरी पोचल्या-पोचल्या मी सलोनीला सगळं सांगितलं. लपवून तिचा विश्वास मोडायचा नव्हता. तिचा चेहरा उतरला. "मग कॅन्सल," ती म्हणाली आणि फोन उचलला.

"थांब गं जरा. पाळण्यात दोन नावं ठेवायची आपल्यात रीत आहे की नाही?"

"आहे. सो?"

"मग एक कानात सांगते आणि एक माणसांत. शाळेत आणि कागदांवर कानातलं. फेसबुकवर माणसांतलं. काकांनी टाकलं तर टाकू दे, त्या नावाची मुलगी कुठल्याच कागदावर नाही."

सलोनीने फोन खाली ठेवला. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. सव्वा महिना धड झोप नसलेली बाई ती. "आईला मी बजावून ठेवते, पण काकांना तर खरं माहीत आहे," ती म्हणाली. "ते सगळ्यांसमोर बोलले तर?"

काकांना आधी सांगावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नागपूरला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेषच्या इमारतीच्या पार्टी रूममध्ये बारसं झालं. बाळाच्या क्रिबलाच झेंडूच्या माळा बांधून पाळणा केला होता. समोर राहणारी वसईची क्लॅरिसा पाच बायका जमवून आली होती. "मी बुकलणार आत्याला, आधीच सांगते," म्हणत तिने बांगड्या मागे सारल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावला होता, आणि त्याचा कॅमेरा सलोनीने असा ठेवला होता की आम्ही दिसू पण बाळ दिसणार नाही. पडद्यावर चौकोनच चौकोन. मधल्या चौकोनात काका. इस्त्रीचा सदरा, एका हातात फोन, अंगठा तयार.

मी वाकले. तिच्या कानाला दुधाचा वास येत होता. कुर्रर्र केलं, आणि तिचं नाव तिला सांगितलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते नाव मी तुम्हालाही सांगणार नाही.

मग मी सरळ झाले आणि जोरात म्हटलं, "ईशिता!"

पाठीत क्लॅरिसाचा पहिला धपाटा असा बसला की डोळ्यांपुढे तारे चमकले. पडद्यावर लताआत्या किंचाळत होती. वीस वर्षांचं फळ होतं ते. सगळे एकदम बोलत होते, आणि मी धपाटे खात फक्त मधल्या चौकोनाकडे बघत होते.

काकांचा अंगठा फोनवर होता. त्यांनी तोंड उघडलं. "अरे, पण..." एवढं मला ऐकू आलं. गोंगाट थांबला. सगळे काकांकडे बघू लागले, कारण कोडी सोडवणारा माणूस तोच.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काही खूण केली नाही. करता आलीच नाही, दीडशे डोळे होते. नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोन टेबलावर उलटा ठेवला.

"काही नाही," ते म्हणाले. "मी हरलो. लताचं अभिनंदन. बर्फी उद्या पोचती करतो."

एका भाच्याने लगेच विचारलं, "आजोबा, तुमचं काय होतं नाव?"

"काहीतरी भलतंच होतं रे," काका म्हणाले. "सांगण्यासारखं नाही."

लोक हसले. ज्या माणसाच्या पोटात आजवर काही टिकलं नव्हतं, त्याने जिंकलेला डाव सगळ्यांसमोर गिळला होता, आणि वर हसूनही घेतलं होतं. मला भरून आलं. क्लॅरिसाला वाटलं की तिनेच फार जोरात मारलं, म्हणून ती सॉरी म्हणत पाठ चोळायला लागली.

कॉल संपला. माणसं केकपाशी गेली. सलोनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चित्राताई, काकांना लावा फोन. फक्त त्यांना."

मी लावला. काका एकटेच होते, पलंगावर बसलेले, थोडे दमलेले. सलोनीने आजवर ज्या बाळाचा चेहरा एकाही कॅमेऱ्याला दाखवला नव्हता, ते तिने उचलून फोनसमोर धरलं.

काका बघतच राहिले.

"काका," सलोनी म्हणाली, "तुम्हीही सांगा नं तिच्या कानात. तुम्हाला माहीत आहे ते."

काका उठले. त्यांनी आधी खोलीचं दार लावलं, मग खिडकी लावली आणि पंखाही बंद केला. सलोनीने फोन बाळाच्या कानाला लावला. पलीकडून कुर्रर्र ऐकू आलं. त्यापुढचं काका इतकं हळू बोलले की शेजारी उभी असूनही मला काही ऐकू आलं नाही.