ओरडली गाडी, आळ माझ्यावर

मी एक जुनी कानाची मशीन आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी जरा हळवं व्हावं, दोन उसासे टाकावेत, अशी रीत आहे. माझ्याकडून ते व्हायचं नाही. ज्या आवाजाने माझ्या म्हातारीचा दिवस नासवला तो आवाज माझा नव्हता, आणि तरी तो माझ्या माथी मारला गेला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे, बारीक चिमटे आणि पोटात भरल्या जाणाऱ्या केसाएवढ्या तारा, इतकंच आठवतं. शेंगेतल्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, वाकडी आणि कातडीच्या रंगाची अशी मी तयार झाले. कानामागे बसायचं, बाहेरचा आवाज मोठा करायचा आणि नळीतून कानात सोडायचा, एवढंच माझं काम. खामगावच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे काचेच्या कपाटात मी पडून होते. तिथून मला मोताळ्याचे तुळशीरामभाऊ घेऊन गेले.

तुळशीरामभाऊ कापूस आणि सोयाबीन पेरणारे. गळ्यात माळ, आणि पंचक्रोशीत कुठेही सप्ताह असो, कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे. त्यांची बायको रुख्मिणीबाई. तिचे कान हळूहळू मंद होत गेले होते, पण कीर्तन तिने सोडलं नव्हतं. ती सगळ्यांत पुढे बसायची आणि महाराजांच्या ओठांकडे बघत राहायची. मंडपातली माणसं हसली की तीही हसायची, फक्त थोडी उशिरा. घरातलं तर विचारूच नका. "काय म्हणले?" असं तिने विचारलं की समोरचा म्हणायचा, "काही नाही, जाऊ दे." हे "जाऊ दे" तिला दिवसातून कितीदा मिळायचं ते ज्याचे कान चांगले आहेत त्याला कळायचं नाही.

मला कानामागे लावून ती पहिल्यांदा काल्याच्या कीर्तनाला गेली तो दिवस मी विसरणार नाही. मृदंगावर थाप पडली आणि ती दचकलीच. मग टाळ, मग वीणा, मग महाराजांचा घोगरा, प्रेमळ आवाज. तिने पदराने डोळे पुसले. महाराजांनी गोपाळांच्या शिदोरीचा एक विनोद केला, मंडप हसला, आणि रुख्मिणीबाई सगळ्यांच्या बरोबर हसली. उशिरा नाही. मित्रांनो, मी सोन्याची असते तरी मला याहून जास्त मान मिळाला नसता. त्या दिवसापासून माझा मुक्काम देवघरात, कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात.

त्या घराची एक रीत होती. टाळ वाजवणाऱ्याचं सगळं लक्ष ठेक्यावर असतं, त्यामुळे कीर्तन संपलं तरी महाराजांनी काय सांगितलं ते तुळशीरामभाऊंच्या हाती निम्मंच लागायचं. म्हणून परतताना ते गाडीत पुढच्या सीटवर बसले की मान न वळवता विचारायचे, "मंग, काय सांगतलं महाराजांनी?" आणि रुख्मिणीबाई मागच्या सीटवरून सबंध कीर्तन सांगायची, दृष्टान्तासकट, विनोदासकट. गाडी मुलगा हर्षल चालवायचा. त्याचं मोताळ्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे. सून योगिनी सासूशेजारी बसून ऐकायची, नाही तर डुलकी काढायची. ती जुनी गाडी खडखडायची खूप, पण सावकाश चालायची, टायर अरुंद होते, आणि दोन खडखडाटांच्या फटीतून माणसाचं बोलणं मला वेचता यायचं. रुख्मिणीबाई घरातल्यांशी सगळ्यांत जास्त कुठे बोलली असेल तर त्या गाडीत.

पण गाडीही माझ्यासारखीच म्हातारी झाली. तळाचा पत्रा गंजला, दार दोरीने बांधावं लागे. दुसरी गाडी घ्यायचं ठरलं, आणि एका सकाळी सगळे खामगावच्या एका शोरूमला गेले. निघताना हर्षलने विचारलं, "आई, तुले कशी गाडी पाह्यजे?" ती म्हणाली, "मले काही नोको. फक्त तुमचं बोलणं ऐकू यावं."

इतकंच मागितलं होतं, मित्रांनो.

शोरूममधला गणेश नावाचा मुलगा गोड बोलणारा होता. भाऊंच्या गळ्यातली माळ त्याने आधी पाहिली आणि मग गाडी दाखवली. "या माउली, बसा माउली. टायर पहा काका, कसे रुंद हायेत! रस्ता धरून चालते गाडी." भाऊ, रुख्मिणीबाई आणि योगिनी मागे बसले, चाचणीसाठी हर्षलने स्टिअरिंग हाती घेतलं, आणि त्याच्या शेजारी बसून गणेशने मधल्या पडद्यावर बोट फिरवून म्हटलं, "तुमच्यासाठी खास कीर्तन लावतो, माउली. स्पीकर ऐकाच." त्या पडद्यावर कीर्तनाच्या खाली लग्नातली गाणी आणि कव्वाल्याही तयार होत्या, ज्याला जे आवडेल ते. मी पाहिलं ते.

मृदंग वाजला. तुळशीरामभाऊंनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि हात जोडले. योगिनीने डोक्यावर पदर घेतला. हर्षलसुद्धा गप्प झाला. कीर्तन चालू असताना या घरात कोणी बोलत नाही आणि चालू कीर्तन मधेच कोणी तोडत नाही, मग ते मंडपातलं असो की मोबाइलमधलं. चूक म्हणाल तर हीच. गाडी पाहायला आलेली माणसं कीर्तनाला बसली.

शहर सुटलं, सिमेंटचा रस्ता लागला आणि गाडीने वेग घेतला. तेव्हा खालून तो आवाज उठला. पिठाच्या गिरणीत जात्याशेजारी उभं राहिल्यासारखी एकसारखी घरघर. चार रुंद टायर त्या खरखरीत रस्त्यावर घासत होते, आणि ती घरघर तळातून, दारांतून, मागच्या चाकांवरून सरळ मागच्या सीटवर येत होती. कीर्तनाचा एक शब्द त्यातून मला वेचता येईना. तिघांचे कान स्पीकरने भरलेले होते. रुख्मिणीबाईचे कान माझ्या हवाली होते, आणि मी जे आहे तेच मोठं करते. नसलेला आवाज मी आणत नाही. माझ्यावर हात दाबला तर मी शिट्टी मारते, तेवढी एक शिट्टी माझी. बाकी सगळं जगाचं.

तिने घाबरून कानावर हात दाबला. मी शिट्टी मारली. ती म्हणाली, "अवो, गाडी ओरडून राह्यली!"

योगिनीने ओठांवर बोट ठेवलं. "आई, कीर्तन चालू हाय."

गणेशने आरशातून मागे पाहिलं. "माउलीची मशीन जुनी दिसते. तिचंच काहीतरी बिघडलं असंन."

"हाव, जुनीच हाय ते," हर्षल म्हणाला. मग आईला ऐकू जावं म्हणून ओरडला, "आई, काढून ठेव ते! गाडीत काय ऐकाचं असते तुले?"

मित्रांनो, ही ती ओळ. ज्या बाईने "तुमचं बोलणं ऐकू यावं" एवढंच मागितलं होतं तिला तिच्या पोटच्या मुलाने ही ओळ ऐकवली, आणि त्या गदारोळात नेमकी तेवढीच ओळ मी तिच्यापर्यंत पोहोचवली. मला माझी स्वतःची किळस आली. ती ओळ तरी घरघरीत बुडायची होती!

तिने मला काढलं आणि मुठीत धरलं. गणेश मागे वळून म्हणाला, "आता कशी शांत वाटते, माउली?" तिला काही कळलं नाही. सगळ्यांचे चेहरे हसरे दिसले, म्हणून ती हसली. थोडी उशिरा.

माणसाला बहिरं करून गाडी शांत ठरवायची! मला हातपाय असते तर मी त्या मुठीतून उडी मारून तो पडदा फोडला असता.

शोरूमला परत आल्यावर चहा आला. हर्षलचं मन त्या गाडीवर बसलंच होतं, त्याने कोणत्या रंगाची घ्यायची इथपर्यंत गणेशशी बोलणं नेलं. रुख्मिणीबाईने मला पुन्हा कानामागे लावलं. आणि तुळशीरामभाऊंनी बशीत चहा ओतत, निव्वळ सवयीने, मान न वळवता विचारलं, "मंग, काय सांगतलं महाराजांनी?"

तिने कप खाली ठेवला. भाऊंनी मान वळवली.

"मले काय माईत?" ती म्हणाली. "एक शब्द नाही समजला. तुम्ही हात जोडून बसले, म्हून म्याही जोडले."

बशी तोंडापाशी नेलेली तशीच राहिली. या माणसाच्या लेखी गाडी गेली खड्ड्यात, पण कीर्तन झालं आणि शेजारी बसलेली बायको कोरडी राहिली ही साधी गोष्ट नव्हती.

"बाबा, मशीन खराब हाय तिची," हर्षल म्हणाला. "नवी घेऊन टाकू."

"मशीन खराब असती," रुख्मिणीबाई म्हणाली, "तं हे तुवं बोलणं कसं येऊन राह्यलं रे मले ऐकू? इथं येते, त्या गाडीत येत नाही. मंग खराब कोन?"

वा गं माझी बाई!

तुळशीरामभाऊंनी बशी खाली ठेवली. "गणेश, गाडी काढ बरं पुन्हा. कीर्तन नोको लावू."

"पण काका, ह्या सिस्टिमचा आवाज तं…"

"कीर्तन काय पांघरूण हाय काय बे, गाडीवर टाकाले?" भाऊ इतके तडकले की गणेशने 'माउली' न म्हणताच किल्ली आणली. या वेळी त्यांनी गणेशला मागे पाठवलं आणि चपला घालूनच ते पुढच्या सीटवर बसले.

पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. स्पीकर बंद. घरघर आता सगळ्यांच्या अंगावर आली. योगिनीने कपाळाला आठ्या घातल्या. गणेश खिडकीबाहेर बघू लागला. आणि भाऊ, नेहमीच्या आवाजात, समोर बघत काहीतरी बोलले. मला ते वेचता आलं नाही, हे मी लपवत नाही.

"काय म्हणले बाबा?" हर्षल म्हणाला.

भाऊ पुन्हा तसंच बोलले.

"काय?" हर्षलने मान कलती केली, एक कान पुढे काढला आणि बापाच्या ओठांकडे पाहिलं. ठणठणीत कानांचा, तिशीतला, बिनमशीनचा हर्षल!

"काही नाही," भाऊ या वेळी मोठ्याने म्हणाले, "जाऊ दे."

रुख्मिणीबाईला त्यातलं काही ऐकू आलं नसेल. पण ती कलती मान, तो पुढे काढलेला कान आणि ओठांवर खिळलेली नजर ती ओळखत होती. ती धडपड तिने कित्येक वर्षं केली होती. ती खळखळून हसली. कोणाच्या बरोबर नाही, कोणाच्या मागून नाही. सगळ्यांच्या आधी. हर्षलने आरशातून आईकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"टायर बदलले की आवाज जाते काका," उतरताना गणेश पुटपुटला.

"बदलून ठेव," भाऊ म्हणाले. "मंग हिलेच आणतो. मागच्या सीटवर बसंन, आन् तिनं हाव म्हणलं तं हाव."

परतीला तीच जुनी गाडी, तेच दोरीने बांधलेलं दार. पण त्या दिवशी रीत उलटी झाली. हातात टाळ नसल्याने सकाळचं कीर्तन भाऊंनी पुरतं ऐकलं होतं. ते पुढच्या सीटवर मागे वळून बसले आणि मोताळा येईपर्यंत त्यांनी बायकोला सबंध कीर्तन सांगितलं. हर्षल गाडी सावकाश चालवत होता. त्याने आईची माफी मागितली नाही. माझी तर कोण मागणार? म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरासाठी नवी गाडी पाहायला निघाल तेव्हा आधी गाणं बंद करा, देवाचं असलं तरी. देव रागवायचा नाही. घरात ज्याला कमी ऐकू येतं त्याला मागच्या सीटवर बसवा, खरखरीत रस्त्यावरून गाडी न्या आणि त्याच्याशी बोला. तो "काय?" म्हणाला तर गाडी बदला, माणसाला गप्प बसवू नका. आणि आमच्यासारख्या जुन्या मशिनींना पुसून, कोरड्या डबीत ठेवा. आम्ही खोटं बोलत नाही.

आणि "गाडीत काय ऐकायचं असतं तुला?" असं माझ्यासमोर पुन्हा कोणी म्हणालंच, तर त्याला माझंही ऐकावं लागेल. मी शिट्टी मारीन.