कापलेले कोपरे

पत्र हातात पडलं तेव्हा लिओनोरे श्टाइनिट्स विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभी होती. तिने ते तिथेच फोडलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शेजारून जाणारा पोस्टमन दचकेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "हरामखोर!"

पत्रात चारच ओळी होत्या. 'श्टाइनिट्सबाई कष्टाळू मदतनीस होत्या. तुकडे धुणे, त्यांवर क्रमांक घालणे ही कामे त्यांनी नेटाने केली. स्वतंत्र संशोधन मात्र त्यांच्या हातून झाल्याचे स्मरत नाही.' खाली सही होती प्राध्यापक रूडिगर फाल्क यांची.

साल होतं एकोणीसशे एक्कावन्न. नाझींच्या काळात ज्यांना नोकरीवरून काढलं, त्यांना त्यांचं स्थान परत द्यावं असा कायदा झाला होता. पण अट अशी, की 'काढलं नसतं तर मी प्राध्यापक झाले असते' हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं. आणि विद्यापीठाने मत मागवलं होतं ते तिच्याच जागेवर बसलेल्या माणसाचं.

सत्तावीस ते चौतीस, दर उन्हाळ्यात लिओनोरे दक्षिण ग्रीसमधल्या एका टेकडीवर खणत होती. तिथे देवीला नवसाच्या म्हणून वाहिलेल्या मातीच्या बायका निघत होत्या, शेकड्यांनी. बोटाएवढ्या, वीतभर, बहुतेकींची डोकी उडालेली. मातीची मूर्ती भाजली की आकसते. त्या मूर्तीवरून नवा साचा केला, तर त्यातून निघालेली मूर्ती आणखी लहान होते. म्हणजे नीट मोजलं तर आई कोण, लेक कोण, नात कोण हे कळतं, आणि कुठली आधी, कुठली नंतर तेही. लिओनोरे मोजत बसली. हिवतापाने दात वाजत असतानाही मोजत बसली. जर्मनीत परतल्यावर एकेका मूर्तीचं एकेक कार्ड केलं, तीन हजारांच्या वर. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि आपली आद्याक्षरं.

पस्तीस साली बडतर्फीचा हुकूम आला. तिचे वडील ज्यू होते, तेवढं पुरलं. तिचं टेबल फाल्कला मिळालं. तेहतीस साली तो पहिल्यांदा खोदकामावर आला होता आणि ऊन लागून आठवडाभर तंबूत पडून होता. ती टेबल रिकामं करत असताना तो अगदी मऊ आवाजात म्हणाला होता, "कार्डांची काळजी करू नका, डॉक्टरबाई. मी सांभाळतो."

ती तुर्कस्तानात इझमीरला गेली आणि तिथे मुलींच्या शाळेत जर्मन शिकवू लागली. तिथल्याच एका पुस्तकांच्या दुकानात तिने एकोणचाळीस साली दोन जाडजूड खंड पाहिले. लेखक, रूडिगर फाल्क. तिची टेकडी, तिची मापं, तिची वाक्यं. एका फोटोत मूर्तीशेजारी मोजपट्टी धरलेला हात होता. तोही तिचाच. ती दुकानातच खाली बसली. दुकानदाराने पाणी आणलं तर तिने पेला दूर लोटला.

बेचाळीसमध्ये तिच्या वडिलांना कासेलच्या स्टेशनावरून छळछावणीकडे नेलं. ते परत आले नाहीत.

आणि आता 'स्मरत नाही'!

सुनावणी गुरुवारी सकाळी झाली. डीन होल्थाउस मध्यभागी, एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला फाल्क. कोपऱ्यातल्या टेबलाशी रूलांडबाई इतिवृत्त लिहीत होत्या. तीस वर्षं त्या याच विभागात सचिव होत्या. लिओनोरे आत आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या कामावर या माणसाने स्वतःचं नाव छापलंय," लिओनोरेने बसायच्या आधीच सांगितलं.

"डॉक्टरबाई, आवाज जरा खाली," डीन म्हणाले.

"सोळा वर्षं खालीच होता, डीनसाहेब. सगळ्यांना फार सोयीचं गेलं ते."

फाल्कने चष्मा पुसला. "श्टाइनिट्सबाई, तुमच्यावर जे गुदरलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण दुःख म्हणजे पुरावा नव्हे."

"मग कार्डं आणा," लिओनोरे म्हणाली.

"ती आता इतकी जुनी..."

"तुमच्या खोलीतल्या कपाटात आहेत. येताना दारातून दिसली मला."

डीननी शिपायाला पाठवलं. लाकडी खण टेबलावर आले. फाल्क घाईघाईने म्हणाला, "अक्षर त्यांचं आहे, ते मी नाकारतच नाही. मी सांगायचो आणि त्या लिहून घ्यायच्या. तशीच पद्धत असते."

"तुम्ही सांगायचात? कार्डांवर तारखा आहेत. निम्मी कार्डं तेहतीसच्या आधीची आहेत. तेव्हा तुम्हाला ती टेकडी नकाशात तरी दाखवता आली असती का?" तिने पहिलं कार्ड उपसलं आणि थबकली. उजवा कोपराच नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. तिने दुसरा खण ओढला, मग तिसरा. सगळे कोपरे तिरके, सरळ रेषेत छाटलेले.

"हे काय आहे?" डीननी विचारलं.

"तळघरात होती युद्धात," फाल्क म्हणाला. "उंदीर फार झाले होते."

"उंदीर?" लिओनोरेचा आवाज चिरकला. "पट्टी लावून कुरतडतात का तुमच्याकडचे उंदीर? तीन हजार कार्डं, आणि प्रत्येकाची एकच बाजू आवडली त्यांना?"

वकिलाला हसू आवरेना. आणि त्याच वेळी कोपऱ्यातून आवाज आला, "मी कापले."

रूलांडबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "सदतीसच्या उन्हाळ्यात. प्राध्यापकसाहेब म्हणाले, पुस्तक छपाईला जायच्या आधी सगळी कार्डं एकसारखी करा. तीन दुपारी लागल्या. कात्रीने अंगठ्याला फोड आला होता."

"काय होतं कोपऱ्यांवर?"

"तारखा. अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस. आणि बाईंची आद्याक्षरं."

"रूलांडबाई, तुमची तब्येत बरी दिसत नाही," फाल्क म्हणाला.

"माझी तब्येत उत्तम आहे."

डीननी घसा साफ केला. "झालं ते झालं. आपण समंजस माणसं आहोत. हे सगळं इतिवृत्तात यायलाच हवं असं नाही."

लिओनोरेने टेबलावर अशी मूठ आदळली की दौत उलटली. "लिहा! एकेक शब्द लिहा. कात्रीसकट, फोडासकट. आणि डीनसाहेबांनी ते गाळायला सांगितलं, तेही लिहा!"

रूलांडबाईंनी लिहिलं.

बाहेर पॅसेजमध्ये त्या तिच्या मागोमाग आल्या. "तुम्ही परत याल असं वाटलं नव्हतं मला."

"मेले असेन असं वाटलं?"

"हो." बाईंनी नजर चुकवली नाही. "त्यामुळे गप्प राहणं सोपं गेलं."

लिओनोरेला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले आणि ती जिना उतरली.

तिचा अर्ज मंजूर झाला. प्राध्यापकाचा दर्जा मिळाला, खोली मिळाली, कार्डं तिच्या ताब्यात आली. फाल्कचं मात्र काहीच बिघडलं नाही. आणखी नऊ वर्षं तो विभागप्रमुख होता आणि निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठाने त्याचं तैलचित्र लावलं. त्याने तिला एकदा फुलं पाठवली, तर तिने ती झाडूवालीच्या बादलीत घातली. जिन्यात तो रोज टोपी काढून नमस्कार करी. नऊ वर्षांत तिने एकदाही मान हलवली नाही. सहकारी म्हणत, "आता सोडून द्या हो!" ती विचारी, "का?"

त्रेपन्नमध्ये ती ग्रीसला गेली आणि एकूणएक मूर्ती पुन्हा मोजून आली. सत्तावन्नमध्ये तिचं पुस्तक निघालं. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: 'याच मूर्तींवरचा माझा मजकूर पूर्वी दुसऱ्याच्या नावाने छापला गेला आहे, ते पुस्तक वापरू नये.' पहिल्या प्रकाशकाने हे वाक्य काढायला सांगितलं होतं. तिने प्रकाशकच बदलला.

त्या हिवाळ्यात एका सकाळी बेकरीच्या रांगेत रूलांडबाई नेमक्या तिच्या पुढे होत्या. सुनावणीनंतर महिन्याभरातच त्यांची बदली खजिनदाराच्या कचेरीत झाली होती. त्या आता पार वाकल्या होत्या.

"पुस्तक पाहिलं तुमचं," त्या वळून म्हणाल्या. "अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे," लिओनोरे म्हणाली.

रूलांडबाईंनी मान डोलावली. रांग पुढे सरकली, तशा दोघीही एकेक पाऊल पुढे सरकल्या.