चमच्याने तुटणारं मांस

शुक्रवारी खाटकाच्या दुकानात मी छातीचं मांस मागितलं, तेव्हा डेरेकने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"रविवारसाठी? पोरं येणारेत म्हणालीस ना ब्रेंडा? कसला राग काढतेयस त्यांच्यावर?"

"तू तोल आणि दे," मी म्हटलं. "सल्ला विकत घ्यायला आले नाहीये."

त्याचंही चूक नव्हतं. आमच्याकडे यॉर्कशायरच्या डोंगरात छातीचं मांस आडवारी शिजवतात, कांदा-गाजर घालून, पार लगदा होईपर्यंत. रविवारच्या रोस्टला, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायला, बरगडीचा जाड तुकडा लागतो, आतून गुलाबी राहणारा, आणि घरातला पुरुष टेबलाशी उभा राहून सगळ्यांसमोर तो कापतो. माझ्या नवऱ्याचे, ट्रेवरचे, काप इतके पातळ की खालच्या ताटावरची निळी फुलं दिसावीत. बाहेरचा खरपूस तुकडा आमच्या लेकीचा, ऍलिसनचा, ही तिची लहानपणापासूनची वहिवाट. तिचा भाऊ नील त्यावरून अजून भांडतो, आणि त्याने पन्नाशी गाठलीय.

तर गेल्या ईस्टरपासून ट्रेवरचा उजवा हात थरथरतो. कंपवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून आम्ही टेकडी चढून घरी आलो. दारात किल्ली लावताना ती तीनदा हुकली, तेव्हा ट्रेवर म्हणाला, "पोरांना सांगायचं नाही."

"ऍलिसन नर्स आहे, ट्रेवर. तिला कळल्याशिवाय राहील?"

"तू कळू देऊ नकोस. नीलला कळलं तर हे घर गेलं म्हणून समज."

ते खरंच होतं. नील कधीपासून मागे लागलाय, चढ सोसवत नाही, जिने सोसवत नाहीत, विका आणि आमच्या शेजारी बैठ्या घरात राहायला या. ट्रेवर याच घरात वरच्या खोलीत जन्मला.

"आणि दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "मग माझ्या तोंडाकडे बघून कोणी बोलणार नाही. सगळे हाताकडे बघतील. आम्ही माझ्या बापाकडे तसेच बघायचो."

मी शब्द दिला, आणि त्या शब्दाने मला अट्टल खोटारडी केलं. नीलच्या बायकोसमोर ट्रेवरकडून गालिच्यावर चहा सांडला, तर मी माझाच धक्का लागला म्हटलं. वाढदिवसाच्या कार्डावर त्याची सही नव्हती, तेव्हा मी त्याला द्यायला विसरले म्हटलं. ऍलिसनला दोनदा येऊ नकोस म्हणून कळवलं, एकदा नळवाला येणार म्हणून आणि एकदा काय म्हणून ते आता मलाच आठवत नाही. पण या खेपेला दोघांनी आपसात ठरवून टाकलं, दोघंच येणार, बायकोमुलं नाहीत, आधीसारखा चौघांचा रविवार. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

ट्रेवरने सुरी हातात घेतली की संपलं. मग सुरीच लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं.

रविवारी उजाडताच मांस झाकण लावून मंद ओव्हनमध्ये ठेवलं. एरवी या वेळेला मागच्या दाराच्या पायरीवर ट्रेवर पोलादावर सुरी घासून धार लावत बसतो. त्या दिवशी पायरी रिकामी होती आणि मला स्वयंपाकघर खायला उठलं. बटाटे सोलले, उकडले, चरबीत घालायच्या आधी चाळणीत हलवले, सगळं हाताने होत होतं आणि कान दाराकडे. एक गाडी वर चढली की मी खिडकीशी जायचे.

ट्रेवर आत आला. त्याने झाकण उचललं आणि वास घेतला.

"हे काय?"

"जरा बदल," मी म्हटलं.

त्याने पुन्हा भांड्यात बघितलं. मग झाकण ठेवायला गेला, ते भांड्याच्या काठावर कडकड वाजलं, म्हणून त्याने ते डाव्या हाताने दाबून बसवलं.

"सुरी नको म्हणून, ना?"

मी पाठ फिरवून गाजरं चिरत राहिले. तो बाहेर बागेत निघून गेला. त्याला वाईट वाटलं हे मला कळत होतं, आणि मला त्याचा रागही आला. माझ्या डोक्यात दुसरं काही सुचलं नव्हतं तर मी काय करायचं?

पोरं आली. ऍलिसनने कोट काढायच्या आधी बापाला मिठी मारली. ट्रेवरचा उजवा हात खिशात होता, तो खिशातच राहिला. मी लगेच मध्ये घुसले, "चला चला, पुडिंग फुगून वर आलीयत, खाली बसली तर मला बोलायचं नाही."

आमच्याकडची पुडिंग गोड नसतात, अंडं-दूध-पिठाची फुगवलेली असतात; ती आधी, नुसती, ग्रेव्हीबरोबर. मांस नंतर. ज्याची त्याने ग्रेव्ही ओतून घ्यायची असते. त्या दिवशी ग्रेव्हीचं भांडं मी हातातून सोडलंच नाही. टेबलाभोवती फिरून एकेकाला वाढत होते.

"आई, हॉटेलात नोकरी धरलीस की काय?" नील म्हणाला. "बक्षिसी द्यावी लागेल का?"

"मुकाट्याने गीळ," मी म्हटलं. सगळे हसले. ट्रेवर काटा डाव्या हातात धरून पुडिंग खात होता. ऍलिसन त्याच्याकडे बघतेय का, ते मी बघत होते. माझी पुडिंग ताटात गार झाली.

मग मांस आणलं. बशीत ठेवताना त्याचे दोन भाग झाले, आणि मी मोठा चमचा त्यात खुपसला तर धागे सुटून पसरले.



"सुरी कुठेय?" नीलने विचारलं. "बाबा कापणार नाहीत?"

"काय कापणार? चमच्याने तुटतंय."

"पण आई, हे असं झालं कसं?" ऍलिसन म्हणाली. "तू कधी..."

आता काय सांगायचं, ते मी ठरवूनच ठेवलं होतं. नवी पद्धत म्हणायचं, मासिकात वाचली म्हणायचं. पण तिचे डोळे हळूच बापाच्या दिशेने वळताना दिसले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"विसरले. ओव्हनमध्ये ठेवलंय हेच विसरले."

दोघा भावंडांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मला कळली, कारण मुलांसमोर चोरून बोलताना आईबाप एकमेकांकडे तसेच बघतात. फक्त इथे मुलं चोरून बोलत होती, आणि माझ्याबद्दल.

ऍलिसनने काटा खाली ठेवला. तिचा आवाज एकदम मऊ झाला, दवाखान्यात वापरते तो असावा.

"आई, आम्ही आज मुद्दाम आलोय. तू रागावू नकोस. चहा सांडतेस, कार्डं द्यायची विसरतेस. मला येऊ नको म्हणालीस, दोन्ही वेळा कारणं वेगवेगळी सांगितलीस, आणि मी विचारलं तर तुलाच आठवेना. आणि आता रोस्ट. तुझं रोस्ट, आई!" तिचे डोळे भरले. "मी आमच्याकडच्या एका डॉक्टरांशी बोललेय. नुसती तपासणी. काही प्रश्न विचारतात, चित्रं दाखवतात."

"माझं डोकं तपासायचंय?" मी म्हटलं.

"आणि हे चढावरचं घर," नील म्हणाला. "आजार वाढला तर बाबांना एकट्याला तुझं कसं जमणार? बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

खरं सांगते, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. ट्रेवरकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अगदी तो म्हणाला होता तसेच, तोंडाकडे नाही, कपाळाकडे, जणू आतलं काही दिसेल म्हणून. ठीक आहे, मी मनात म्हटलं, मला वेडी समजू देत. चित्रं दाखवा, मी हत्तीला हत्ती म्हणेन. पण मग माझीच मुलं मला लहान पोरीसारखं समजावतायत हे ध्यानात आलं आणि मला ताटातला बटाटासुद्धा नीट दिसेना.

मी ट्रेवरकडे बघितलं आणि मान अगदी बारीक हलवली. बोलू नकोस.

त्याने ते पाहिलं. खुर्ची मागे सरकवून तो उभा राहिला, कापायला उभा राहतो तसा. उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यासमोरचं ग्रेव्हीचं भांडं उचललं.

"ट्रेवर, ठेव ते."

त्याने ठेवलं नाही. भांडं नीलच्या ताटाकडे नेताना हातात खडखडायला लागलं. ग्रेव्ही काठावरून उडाली, टेबलक्लॉथवर, मिठावर, ऍलिसनच्या बाहीवर. तो थांबला नाही. नीलच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर भांडं जवळपास रिकामं झालं होतं.

"हे बघा," तो म्हणाला. "नीट बघून घ्या. चहा मी सांडला. कार्डावर सही मला करता आली नाही. तुमच्या आईचं डोकं इथल्या सगळ्यांपेक्षा ठीक आहे." त्याने भांडं टेकवलं, तेही दोनदा आपटून. "जन्मात या बाईचं मांस कधी जास्त शिजलं नाही. मला सुरी धरावी लागू नये म्हणून तिने ते तुमच्यासमोर बिघडवलं, आणि विसरले म्हणाली."

ग्रेव्ही टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकत होती आणि पुसायला उठावं हेसुद्धा मला सुचलं नाही. घराचं काय होणार, नील उद्याच दलालाला बोलावणार का, हे सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि त्याच्याबरोबर असा राग आला की इतके महिने जपलेलं या माणसाने एका मिनिटात ओतून टाकलं. आणि मला रडूही येत होतं, कारण ते त्याने माझ्यासाठी ओतलं होतं.

ऍलिसन उठली. तिने त्याचा हात धरला नाही, हाताकडे बघितलंही नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, "कधीपासून, बाबा?"

ट्रेवर खुर्चीत बसला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"ईस्टरपासून," मी सांगितलं.