अजून न झालेले डोके

फळीवरचे प्लास्टरचे डोके आईने दोन्ही हातांनी उचलले आणि तान्ह्या बाळाची मान सावरावी तसा एक तळवा त्याच्याखाली धरला. मान तिथे नव्हतीच. डोके कानांखाली सपाट कापलेले होते.

"हे कोणाचं?"

"तुमच्याच मुलीचं," हेल्मेट बनवणाऱ्या बाई म्हणाल्या. "अजून झालेलं नाही."

समोरच्या बाकावर बाप मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी तिचे हेल्मेट होते, आतून जवळजवळ कोरे. तक्रार त्यानेच आणली होती: आपली पाठ वळली की हिची आई ते काढून ठेवते, पोरीला दाबतं म्हणते. मुलीच्या कवटीची मधली शिवण जन्माआधीच बुजली होती आणि डोके रुंद न होता लांबच वाढत चालले होते. सर्जननी ती मोकळी केली होती. आता डोके भराभर वाढण्याचे थोडेच महिने हाती होते. ते वाया गेले तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि ती मोठी, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते.

बाईंनी हेल्मेटच्या आत बोट फिरवून दाखवले. पुढे आणि मागे ते डोक्याला टेकते. दोन्ही बाजूंना मोकळी जागा. रेटत कुठेच नाही. डोके वाव मिळेल तिकडे वाढते.

"म्हणजे वाढत्या अंगाचं शिवलंय," बाप म्हणाला. "पण फक्त काखेत."

बाईंनी मान डोलावली. उपमा त्यांच्या मते पुरेशी अचूक होती.

आई हसली नाही. तिकडेच वाढेल हे कशावरून, असे तिने विचारले. बाईंना प्रश्न आवडला. सहसा कोणी तो विचारत नसे. खात्री नाही, त्या म्हणाल्या. आधीच्या मुलांच्या मोजमापांवरून बांधलेला अंदाज आहे आणि तो दर भेटीत तपासायचा असतो. आईने ऐकून घेतले, पण तिची नजर प्लास्टरवरून हलली नव्हती. अडचण दाबाची नसावी, अशी शंका बाईंना तेव्हा प्रथम आली.

"मग ही दिसेल कोणासारखी?"

"कोणासारखी म्हणजे?"

उत्तरादाखल आईने नवऱ्याकडे पाहिले. बाईंनीही पाहिले, आणि इतका वेळ हे आपल्या नजरेतून सुटले याचे त्यांना नवल वाटले. अरुंद, लांब, मागे निमुळते डोके.

"शाळेत मला होडी म्हणायचे," बाप म्हणाला. "हिच्या वाट्याला ते नको."

"ही झाली तेव्हा सगळे म्हणाले, बापाचं डोकं घेऊन आली," आई म्हणाली. "मी दिवसभर त्यावरून हात फिरवत बसायचे. मग डॉक्टर म्हणाले, हा दोष आहे."

बापाने मुलीचे झबले उगाच सारखे केले. हे कधी बोलली नाहीस, असे तो म्हणाला, तेही मुलीकडे बघतच.

यावर बाईंकडे मोजमाप नव्हते. त्यांनी प्लास्टरचे डोके दिव्याखाली आडवे केले. दोन्ही बाजूंना फिकट निळा थर होता.

"हे निळं मी नंतर चढवलंय. आतलं पांढरं तुमच्या मुलीचं, साचा घेतला त्या दिवशीचं. मी घासून काही काढत नाही. बाजूंना भर घालते फक्त, आणि त्यावर हेल्मेट बेतते."

"म्हणजे पहिलं आत आहे?"

"जसंच्या तसं."

आईने निळ्या-पांढऱ्याच्या सांध्यावरून नख फिरवले. मग हेल्मेट घेतले आणि कोणी काही न सांगता, आधी कपाळाशी टेकवून, ते मुलीला चढवले. पट्टा लावला. मुलीने एकदा तोंड वाकडे केले आणि विषय सोडून दिला.

बाई डोके मोजायचा कॅलिपर पेटीत ठेवू लागल्या.

"याचं मोजता?" आईने नवऱ्याकडे बोट दाखवले. "किती आहे ते बघू तरी."

बाप न्हाव्यापुढे बसावे तसा मान खाली घालून बसला. बाईंनी कॅलिपर उघडला.

"जरा जपून," आई म्हणाली. "उजव्या कानामागे त्याला गुदगुल्या होतात."